कंपनी कामगारांच्या हाती सोपवताना: गोव्यातल्या संस्थापकासाठी कामाचा क्रम

चालू, नफ्यातली कंपनी तिच्याच कामगारांना विकायची असेल तर त्यासाठी भारतात वेगळा कायदा नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून कर्मचारी-मालकी ट्रस्टला (कामगारांच्या वतीने शेअर सांभाळणाऱ्या ट्रस्टला) विकणाऱ्या संस्थापकाला करसवलत मिळते, अमेरिकेत १९७४ च्या एरिसा या निवृत्तीविषयक कायद्यापासून इसॉप, म्हणजे कामगारांना कंपनीचे शेअर देणारी योजना, निवृत्ती योजनेसारखी चालते. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातली वेगवेगळी कलमं एकत्र बांधून हे काम करावं लागतं, आणि सवलत अशी काहीच नाही. त्यामुळे पैसा कुठून येणार हा प्रश्न संस्थापकालाच सोडवावा लागतो. उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: कंपनीच्या पुढच्या पाच-सात वर्षांच्या नफ्यातून. हे मान्य नसेल, सगळी रक्कम एकदम हवी असेल, तर बाहेरचा गिऱ्हाईक शोधलेला बरा.

ज्या कंपनीत वीस-पंचवीस कायम कामगार आहेत, सलग तीन वर्षं नफा आहे आणि संस्थापक महिनाभर नसला तरी माल वेळेवर बाहेर पडतो, तिथे ही योजना चालते. ऑर्डरी संस्थापकाच्या ओळखीवर येत असतील तर आधी दोन वर्षं विक्रीचं काम दुसऱ्याच्या हाती द्या. मालकीचं नंतर बघू.

आधी घरातले कागद

गोव्यात कामाची सुरुवात घरातून होते, कारण इथे शेअर बहुधा एकट्याचे नसतात. लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते. शेअर सर्टिफिकेटवर नाव नवऱ्याचं असलं तरी निम्मी किंमत बायकोची. विवाहनोंदणीचा दाखला आणि करार असल्यास त्याची प्रत सर्वांत आधी फाइलला लावा. करार नसेल तर प्रत्येक ठरावाच्या आणि विक्रीच्या कागदावर जोडीदाराची लेखी संमती घ्या. कंपनी कायदा ती मागत नाही. पुढे कज्जा झाला तर मात्र पहिला प्रश्न या संमतीबद्दलच येतो.

दुसरी गोष्ट वारसांच्या राखीव हिश्शाची. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याप्रमाणे मुलं असताना माणसाला आपल्या मालमत्तेचा निम्मा भागच मर्जीप्रमाणे बक्षीस देता येतो. सामायिक मालमत्तेत एकट्या नवऱ्याच्या वाट्याला अर्धा भाग, त्यातला अर्धा मोकळा, म्हणजे एकूण मालमत्तेच्या फक्त एक चतुर्थांशावर त्याचा हात मोकळा. दोघांनी मिळून दिलं तर निम्म्यापर्यंत. म्हणून 'मी कंपनी कामगारांना अशीच देऊन टाकतो' ही उदार कल्पना गोव्यात अडचणीची. संस्थापक गेल्यावर इन्व्हेंटरी खटल्यात (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या खटल्यात) मुलं ते दान कमी करून मागू शकतात. योग्य किमतीची विक्री असेल तर हा धोका राहत नाही, कारण शेअर गेले तरी त्यांच्या जागी पैसे आलेले असतात. मुलं पोर्तुगालला, लंडनला असली तरी त्यांना एकदा बसवून आकडे दाखवा आणि बैठकीचं टिपण सगळ्यांच्या सहीने ठेवा.

या सामायिक व्यवस्थेचा एक फायदाही आहे. आयकरात गोव्याच्या अशा जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत समान वाटून धरलं जातं. शेअरविक्रीचा भांडवली नफाही त्यात येतो. ३६ लाखांचा नफा १८-१८ लाख असा दोन विवरणपत्रांत जातो, आणि सरचार्जची (करावरच्या जादा कराची) ५० लाखांची मर्यादा दोघांना स्वतंत्र मिळते. विवरणपत्रातलं त्यासाठीचं परिशिष्ट भरायला विसरलं की नोटीस येते. परराज्यातल्या सीएंकडून हे हमखास सुटतं.

कंपनी कसली आहे?

गोव्यातले कितीतरी उद्योग अजून प्रोप्रायटरी किंवा भागीदारीत आहेत. शेअर वाटायचे तर आधी प्रायव्हेट लिमिटेड करावी लागते, आणि घाई करणारा इथेच अडकतो. धंदा कंपनीत वर्ग करताना करमाफी हवी असेल तर जुन्या मालकाकडे किमान ५० टक्के मताधिकार पुढची पाच वर्षं राहायला हवा. तिसऱ्या वर्षी कामगारांना ५१ टक्के दिले की माफ झालेला कर त्या वर्षी कंपनीच्या डोक्यावर येतो. अशा उद्योगाने पाच वर्षांत ४९ टक्क्यांपर्यंतच जावं आणि सहाव्या वर्षी रेघ ओलांडावी.

सात-आठ माणसांच्या सेवा व्यवसायाला एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) पुरते. सहकारी संस्थेचा मार्ग गोवा सहकारी संस्था कायदा २००१ खाली खुला आहे. एक सभासद एक मत हे तत्त्व प्रिय असेल तर तो विचारात घ्यावा. इंडियन कॉफी हाउसच्या कामगार संस्था १९५७ पासून याच मार्गाने उभ्या राहिल्या. पण चालत्या कारखान्याची यंत्रं, कर्जं, परवाने कंपनीतून संस्थेकडे वळवणं म्हणजे नव्याने धंदा काढण्याइतका व्याप. यापुढचा हिशोब प्रायव्हेट लिमिटेडचा धरला आहे.

जमीन आणि किंमत

शेअरच्या किमती दोन असतात: धंद्याच्या कमाईवरून येणारी आणि आयकराच्या नियमाने येणारी. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा शेअर विकताना आयकर खातं ताळेबंदावरून किंमत काढतं, आणि त्यात जमीन पुस्तकी दराने नव्हे तर मुद्रांक शुल्काच्या दराने धरतं. समजा कंपनीचं भांडवल व मुक्त राखीव निधी मिळून २ कोटी १० लाख, शेअर एक लाख. शेअरमागे २१० रुपये. आता कंपनीच्या नावावर १९९० साली घेतलेली ४,००० चौरस मीटर जमीन आहे, पुस्तकात ६ लाखांची, सरकारी दराने चौरस मीटरला ६,००० म्हणजे २ कोटी ४० लाखांची. शेअरची नियमातली किंमत एकदम ४४४ रुपये होते. धंद्याची कमाई बघून तुम्ही ३६० ला विकलात, तर तुम्हाला ४४४ ला विकल्यासारखा कर लागतो आणि घेणाऱ्याचा एकूण फायदा ५० हजारांवर गेला की शेअरमागचे ८४ रुपये त्याचंही उत्पन्न ठरतं. एका व्यवहाराला दोन कर. फुकट दिले तर तुमचा कर वाचतो, पण पूर्ण किंमत घेणाऱ्याच्या उत्पन्नात पडते.

तेव्हा जमीन कंपनीत असेल तर तिचं काय करायचं हे किमतीआधी ठरवा. कुटुंबाने जमीन स्वतःकडे घेऊन कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने देणं हा एक उपाय. त्याला मुद्रांक शुल्क आणि कर लागतो, डीमर्जर केलं (जमीन आणि धंदा दोन कंपन्यांत विभागला) तर मुंबईच्या एनसीएलटीत (कंपनी न्यायाधिकरणात) जावं लागू शकतं, वेळ वर्षभर धरा. वेर्णा, कुंडई, मडकई, पिळर्ण अशा वसाहतीत प्लॉट असेल तर तो औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्याचा. करारात भागधारकांत बदल झाल्यास पूर्वपरवानगी किंवा शुल्क लिहिलं आहे का ते कलमवार वाचा आणि महामंडळाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पहिला शेअरही हलवू नका. कोमुनिदादच्या (गावाच्या सामुदायिक) जमिनीवर शेड असेल तर त्याहून जास्त काळजी.

पैशाचा हिशोब

आता मुख्य काम. कर भरून हाती उरणारी रोकड घ्या, त्यातून यंत्रबदल, खेळतं भांडवल, बँकेचे हप्ते काढा. आपल्या उदाहरणातल्या कंपनीत ४२ कायम कामगार आहेत, जमीन भाडेपट्ट्याची, किंमत शेअरमागे ३६०, म्हणजे एकूण ३ कोटी ६० लाख. करानंतर रोकड ९० लाख. यंत्रांना २०, खेळत्या भांडवलाला १५, हप्त्यांना १० लाख गेले. उरले ४५. त्यातले ९ वाईट वर्षासाठी बाजूला. संस्थापकाला देण्याजोगे ३६ लाख.

या रकमेतून पूर्ण कंपनी घ्यायला दहा वर्षं लागतात. म्हणून आधी ५१ टक्क्यांचंच लक्ष्य धरावं. त्यासाठी दोन नळ एकदम सोडायचे. एकीकडे कंपनी दरवर्षी संस्थापकाचे १०,००० शेअर बायबॅकने परत घेऊन रद्द करते, खर्च ३६ लाख. दुसरीकडे इसॉपमधून, आपल्याकडे म्हणजे ठरल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या योजनेतून, कामगारांना दरवर्षी सुमारे १०,४०८ नवे शेअर देते. पाच फेऱ्यांनंतर संस्थापकाकडे ५०,००० आणि कामगारांकडे ५२,०४० शेअर. झाले ५१ टक्के. बायबॅक न करता नुसते नवे शेअर काढले असते तर त्याच टक्केवारीला १,०४,०८२ शेअर लागले असते आणि संस्थापकाला एक पैसाही मिळाला नसता.

बायबॅकच्या अटी काटेकोर आहेत. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत) त्याची परवानगी हवी. एका वेळी भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम चालते, आपल्या उदाहरणात ५२ लाख ५० हजार. १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २१ लाखांपर्यंत, संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ३६ लाखांना विशेष ठराव लागणार. दोन बायबॅकमध्ये किमान एक वर्षाचं अंतर, आणि बायबॅकनंतर कर्ज भांडवल-राखीव निधीच्या दुपटीवर जाता कामा नये. नंतर सहा महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढता येत नाहीत, पण आधीच दिलेल्या इसॉपचे शेअर त्यातून सुटतात. म्हणून इसॉप योजना बायबॅकच्या आधी मंजूर करून ठेवायची, नंतर नाही. पणजीच्या पाटो प्लाझातल्या कंपनी निबंधकांकडे विशेष ठरावाचा एमजीटी-१४ हा फॉर्म तीस दिवसांत, प्रस्तावपत्र एसएच-८ व संचालकांचं सक्षमतेचं प्रतिज्ञापत्र एसएच-९ आधी, आणि काम संपल्यावर तीस दिवसांत बायबॅकचं विवरण एसएच-११.

बायबॅकवर कर कोणत्या डोक्याखाली लागतो हा नियम अलीकडे बदलला. १ ऑक्टोबर २०२४ पासून मिळालेली पूर्ण रक्कम लाभांश धरली जाऊ लागली आणि जुने हिशोब कोलमडले. ज्या वर्षी बायबॅक करणार त्या वर्षाचा नियम सीएकडून लेखी घ्या. साध्या विक्रीचा हिशोब सोपा: २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ असलेल्या शेअरवर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही.

इसॉप

प्रायव्हेट कंपनीला इसॉपसाठी सर्वसाधारण सभेचा साधा ठराव पुरतो, अट एवढीच की ताळेबंद आणि वार्षिक विवरण निबंधकांकडे वेळेवर भरलेलं असावं. हक्क दिल्यापासून शेअर हातात पडेपर्यंत किमान एक वर्ष जायला हवं. म्हणजे पहिल्या वर्षी कामगाराच्या हाती फक्त पत्र असतं, पाच फेऱ्यांना सहा वर्षं लागतात. प्रवर्तक, आणि १० टक्क्यांहून जास्त शेअर असलेला संचालक यांना इसॉप देता येत नाही (मान्यताप्राप्त स्टार्टअपना यात सूट आहे). एका माणसाला वर्षात १ टक्का किंवा जास्त द्यायचं तर वेगळा ठराव. आपल्या कंपनीत मॅनेजरला १,००० शेअर दिले की हा ठराव लागतो. ९९० दिले की लागत नाही.

कंत्राटी कामगार या योजनेत बसत नाहीत. गोव्यातल्या कारखान्यांत त्यांची संख्या मोठी असते. शेजारच्या यंत्रावरच्या दोघांपैकी एकालाच शेअर मिळाले की कुरबुर सुरू होते. जुन्या कंत्राटी माणसांना आधी कायम करा, नाहीतर हा प्रश्न सभेत तेच काढतील.

कामगाराने भरायची किंमत कमी ठेवता येते. शेअरला ६० रुपये धरले तर माणशी सरासरी २४८ शेअरचे १४,८८० रुपये होतात. चवथीच्या बोनसबरोबर हा व्यवहार लावला की लोकांना जड जात नाही. खरी किंमत आणि भरलेली किंमत यातला फरक, इथे ३०० रुपये, पगारात धरला जातो आणि कंपनीने त्यावर टीडीएस कापायचा असतो. खरी किंमत मर्चंट बँकरकडून काढून घ्यायची, आणि ते मूल्यांकन १८० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नसल्याने मशीनवरच्या माणसाला याची झळ बसत नाही. ती बसते मॅनेजरला. वर्षाला १४ लाख पगार आणि १,००० शेअर, तर ३ लाख उत्पन्न वाढतं आणि सुमारे ४८ हजार कर द्यावा लागतो, तोही विकता न येणाऱ्या कागदावर. हे आधी न सांगितल्यामुळे पहिल्याच वर्षी चांगली माणसं योजनेतून बाहेर पडतात. त्यांना दोन-तीन वर्षांत विभागून द्या.

शेअर ट्रस्टमध्ये ठेवण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. फायदा खरा आहे: मतं विखुरत नाहीत, आणि एखादा निघून गेला तरी शेअर घरातच राहतात. प्रायव्हेट कंपनी ट्रस्टला कर्जही देऊ शकते, स्वतःचे शेअर घ्यायला मदत करण्यावरचा निर्बंध पब्लिक कंपनीला आहे. पण कोणत्या कामगाराचा किती वाटा हे ट्रस्टपत्रात ठरलेलं नसेल तर ट्रस्टच्या लाभांशावर कमाल दराने कर लागू शकतो, आणि कंपनीने ट्रस्टला दिलेलं अंशदान खर्च म्हणून वजा मिळत नाही. शंभर कामगारांच्या आतल्या कंपनीत थेट शेअर आणि भक्कम आर्टिकल्स हेच स्वस्त पडतं. भागधारक वाढतील ही भीती नको: प्रायव्हेट कंपनीच्या २०० सभासदांच्या मर्यादेत चालू कामगार मोजले जात नाहीत, आणि नोकरीत असताना सभासद होऊन तसेच राहिलेले माजी कामगारही नाहीत.

आर्टिकल्समध्ये काय लिहायचं

नोकरी सोडणाऱ्याने शेअर कंपनीला किंवा इतर कामगारांनाच विकायचे, बाहेर नाही. किंमत कशी काढायची त्याचं सूत्र तिथेच लिहा, उदाहरणार्थ मागच्या तीन वर्षांच्या सरासरी करोत्तर नफ्याची चौपट भागिले एकूण शेअर, आणि दर ऑगस्टला ती किंमत नोटीस बोर्डावर. चोरी-अफरातफरीत काढलेल्याला भरलेलीच रक्कम परत. पैसे किती हप्त्यांत मिळतील तेही लिहा. 'योग्य किंमत' असं मोघम लिहिलेलं कलम पहिल्याच राजीनाम्यात निकामी ठरतं.

मृत्यूचं कलम गोव्यात वेगळं लागतं. कामगाराने एसएच-१३ भरून भावाचं नाव नॉमिनी म्हणून दिलं, म्हणजे भाऊ मालक होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. सामायिक मालमत्तेत निम्मे शेअर विधवेचे आधीच असतात, उरलेले वारसांचे. वारस ठरेपर्यंत कंपनीने शेअर सूत्राच्या किमतीला परत घेण्याचा हक्क आणि पैसे वेगळ्या ठेवीत ठेवण्याची मुभा आर्टिकल्समध्ये असू द्या. मत कोण देणार हा वाद त्याने मिटतो.

मग कामगारांच्या वयांचा तक्ता करा. ४२ पैकी अकराजण पुढच्या आठ वर्षांत निवृत्त होणार असतील तर त्यांचे शेअर विकत घ्यायला लागणारी रक्कम आज मोजून दरवर्षीच्या ३६ लाखांबरोबर लिहा. संस्थापकाचे हप्ते आणि निवृत्तांचे पैसे एकाच वर्षी आले की बँकेकडे पळावं लागतं.

बँक, परवाने, खुर्ची

बँकेच्या मंजुरीपत्रात भागधारकांत बदल करायला पूर्वपरवानगी लागते असं कलम जवळजवळ नेहमी असतं. ती मागताना संस्थापकाच्या वैयक्तिक हमीचाही विषय काढा. शेअर गेले तरी हमी आपोआप सुटत नाही. हाती ४९ टक्के, कारभार दुसऱ्यांकडे आणि घर मात्र बँकेकडे गहाण, अशी स्थिती व्हायला नको. बँक पूर्ण सोडत नसेल तर कर्ज कमी होईल तशी हमी कमी करण्याचं लेखी वेळापत्रक घ्या. तेही नाकारलं तर हमी असेपर्यंत नवं कर्ज आणि मोठी खरेदी यावर संस्थापकाची संमती लागेल असं आर्टिकल्समध्ये घाला.

कारखान्याचा ऑक्युपायर (कायद्याने जबाबदार धरलेली व्यक्ती) संचालकच लागतो. संस्थापकाने संचालकपद सोडलं की आल्तिनोवरच्या कारखाने व बाष्पके निरीक्षणालयात नवं नाव द्यावं लागतं, आणि अपघात झाला तर खटला त्या नावावर. कामगारांतून निवडून आलेल्या संचालकाला सही करण्याआधी हे समजावून सांगा. प्रदूषण मंडळाची संमती, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, हॉटेल असेल तर अबकारी परवाना, पंचायतीचा व्यापार परवाना हे सगळे एका यादीत घेऊन कोणावर कोणाचं नाव आहे ते बघा. अबकारी परवाना जुन्या मालकाच्या व्यक्तिगत नावावर निघाला तर तो कंपनीबरोबर जात नाही.

संचालक मंडळ पाचजणांचं पुरतं: संस्थापक, कामगारांनी गुप्त मतदानाने निवडलेले दोघे, मॅनेजर, आणि बाहेरचा एक हिशोब कळणारा. संस्थापकाने अध्यक्षपद तीन वर्षं ठेवावं, रोजचा कारभार पहिल्या दिवसापासून सोडावा. उलटं केलं तर काल ज्याला पात्रांव (मालक) म्हणत होते त्यालाच लोक रजेसाठी विचारत राहतात आणि नवा मॅनेजर नावापुरता उरतो.

महिन्याचे आकडे दाखवायची सवय शेअर देण्याच्या वर्षभर आधी लावा. विक्री, मालाचा खर्च, पगार, वीज, बँक, उरलेले. एक पान, मराठीत आणि कोकणीत, गरज असेल तर कन्नड आणि हिंदीतही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रश्न एकच येतो: एवढा नफा आहे तर पगार का वाढत नाही? त्याला त्याच पानावर उत्तर हवं, ३६ लाख कुठे जातात आणि सहाव्या वर्षानंतर कुठे जाणार आहेत ते.